तिसरी वायर

सकाळी 6:40, धायरी

दादा स्कूटर भरतायत. पायाशी हत्यारांची पेटी, मागच्या कॅरिअरला वायरचं अर्धं वेटोळं, हुकाला कापडी पिशवी. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि टॉवेलात गुंडाळलेला 200 वॅटचा जुना पिवळा बल्ब, होल्डर आणि दोन मोकळ्या वायरींसकट. बल्ब डब्याच्या वर ठेवायचा, खाली नाही.

दादा म्हणजे गिऱ्हाईक, दुकानदार, मजूर सगळ्यांचेच दादा. औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स, मग वायरमनचा परवाना, मग पुण्यातल्या भिंतींतून वायरी ओढण्यात पंचवीस वर्षं गेली. अलीकडे एक नवं काम वाढलंय. लोक इलेक्ट्रिक गाडी घरी आणतात, रात्री पिन लावतात, सकाळी बघतात तर चार्जिंग झालेलंच नसतं. शोरूमवाले म्हणतात, गाडी ठीक आहे, घरचं वायरिंग बघा. मग दादांना फोन येतो. आजचा सगळा दिवस असल्याच कामांचा आहे, आणि मीही दिवसभर त्यांच्याबरोबर आहे.

पेटीत सगळ्यात महाग अर्थ टेस्टर, साडेनऊ हजारांचा. क्लॅम्प मीटर साडेतीन हजारांचा. बाकी पक्कड, क्रिम्पिंग टूल, छिन्नी, हातोडी, ड्रिल. हाताखालचा पोरगा नाक्यावर उभा असतो, तो मागे बसतो. त्याची हजेरी 600 रुपये.

सकाळी 7:15, कोथरूड

पौड रोडच्या आतली चार मजली सोसायटी. बीड जिल्ह्यातलं एक मजूर जोडपं आधीच येऊन बसलंय. पहार, टिकाव, फावडं, दोन घमेली. दादा खडूने फरशीवर दोन फूट बाय दोन फुटाचा चौकोन आखतात.

"आठ फूट. खालचा फूटभर उभ्याने जमणार नाही, वाकूनच काढावा लागेल."

"दगड लागला तर?" जोडप्यातली ताई विचारते.

"लागणारच. पुण्यात दगड नाही असं कुठे आहे?"

काम उक्तं आहे, दोघांचे मिळून 5,000. पुण्याच्या खाली काळा पाषाण. वर थोडी माती, मग मुरूम, मग दगड. अर्थिंगसाठी वाईट जमीन. ओली काळी माती करंट झटकन पोटात घेते, कोरडा दगड घेत नाही. त्यात मे महिना.

इथे दोन फ्लॅटवाल्यांनी गाड्या घेतल्या. दोघांच्याही चार्जरचा दिवा लाल. गेल्या आठवड्यात दादांनी मीटर रूममधली अर्थिंगची पट्टी धरून तिचा माग काढला. पट्टी भिंतीतून बाहेर येते आणि पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गडप होते. जुना खड्डा नेमका कुठे आहे हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पार्किंग नवीन केलं तेव्हा झाकण काढून वर ब्लॉक बसवले. तेव्हापासून त्या खड्ड्यात कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नाही. टेस्टरने आकडा दाखवला 48 ओहम. फ्रिज, पंखा, मिक्सर यांना याची फिकीर नसते. अर्थिंग असो वा नसो, बटण दाबलं की ते चालू. गाडीचा चार्जर तसा नाही. तो करंट सोडण्याआधी अर्थिंग तपासतो, आणि ते पटलं नाही तर आतला रिले ओढतच नाही. या इमारतीत तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी अर्थिंगची चौकशी केली, ती एका डबीने.

पहिली पहार पडते. ब्लॉक उचकटून बाजूला रचले जातात, मोजून. परत बसवायचेत.

सकाळी 8:30, कर्वेनगर

1991 सालची इमारत. पार्किंगच्या खांबावर 15 अँपिअरचं सॉकेट, त्याला गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर लटकतोय. काका-काकू दोघंही खाली आलेत. काकांना साडेदहाला हॉस्पिटलात जायचंय, तपासणीला.

"परवा झाली चार्ज. काल नाही. आज पहाटे पुन्हा हिरवा दिवा आला आणि गेला," काकू म्हणतात. त्यांनी वेळा कागदावर लिहून ठेवल्यात. दादा कागद नीट वाचतात. असा कागद मिळाला की अर्धं काम होतं, असं ते नंतर मला म्हणाले.

पोरगा मीटर लावतो. फेज-न्यूट्रल 231. फेज-अर्थ 231. न्यूट्रल-अर्थ 0.0.

"दादा, अर्थिंग एक नंबर आहे."

"शून्य आलं?"

"शून्य पॉइंट शून्य."

"मग उघड सॉकेट."

मला कळलं नाही. शून्य तर चांगलं असायला हवं. दादा स्क्रू सोडता सोडता सांगतात. न्यूट्रलमधून सगळ्या इमारतीचा करंट परत जात असतो. वायरीला थोडा तरी अडथळा असतोच, म्हणून न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाददुसरा व्होल्ट दिसतो. साफ शून्य दिसलं की समजायचं, कुणीतरी दोघांना इथेच बांधलंय. ते सॉकेट हाताने हलवतात. मीटरवर आकडे नाचतात. शून्य, सत्तेचाळीस, बारा, पुन्हा शून्य.

झाकण निघतं. आत बोटभर काळी वायर, न्यूट्रलच्या पेचातून निघून अर्थच्या पेचात गेलेली. एका बाजूचा पेच सैल. त्याचीच ही ये-जा.

"तिसरी वायर आहे का बघ."

पाइपमध्ये दोनच वायरी आहेत. तिसरी, अर्थिंगची, बिल्डरने ओढलीच नाही. सॉकेटला तीन भोकं दिली आणि एकाच्या मागे काहीच नाही. गाडी आली, चार्जरने अर्थिंग मागितलं. मग कुणा इलेक्ट्रिशियनने हा बोटभर तुकडा टाकून चार्जरला फसवलं.

"300 रुपये घेतले होते त्याने," काकू म्हणतात. "पाच मिनिटांत चालू झालं म्हणून आम्ही खूश होतो."

हे सगळ्यांना कळायला हवं, म्हणून जरा थांबून लिहितो. समजा वरती कुठेतरी, मीटरच्या कटआउटला किंवा बाहेरच्या जोडात, न्यूट्रल तुटला. घरात एखादा पंखा चालू आहे. फेजचा करंट पंख्यातून न्यूट्रलमध्ये येतो आणि पुढे वाट नाही म्हणून अडतो. आता तो न्यूट्रलच जिवंत झाला, 230 व्होल्टने. या बोटभर वायरीतून तो अर्थच्या पिनेत जातो, तिथून चार्जरच्या केबलमधून गाडीच्या पत्र्यात. गाडी रबरी टायरांवर उभी असते. दाराला हात लावणारा माणूस जमिनीवर उभा असतो, कधी धुतलेल्या ओल्या फरशीवर, कधी अनवाणी. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा राग आला. त्याला यातलं कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही. न्यूट्रल कुठला आणि अर्थ कुठला हे ओळखूनच त्याने ती वायर लावली होती.

दादा पकडीने तुकडा कापतात आणि काकूंच्या हातावर ठेवतात. "हा जपून ठेवा. पुढे कुणी पुन्हा असं करतो म्हणाला तर दाखवा."

"आजच्या दिवस तरी जोडा हो," काका म्हणतात. "मला जायचंय."

"नाही जोडणार, काका. रिक्षाने जा. नाहीतर वाटेत चार्जिंग स्टेशनवर अर्धा तास लावा."

ते आवाज चढवत नाहीत. पण हात सॉकेटकडे जात नाही.

मीटर रूममध्ये बल्ब बाहेर येतो. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगच्या पट्टीला. बल्ब लख्ख पेटतो. मीटर इथे का नाही वापरायचा? मीटरला नखभर करंट पुरतो. गंजून धाग्याएवढी उरलेली पट्टी असली तरी तो 231 दाखवून मोकळा होतो. बल्ब मात्र पाऊण अँपिअरहून जास्त ओढतो. पट्टी कुजकी असेल तर तो मिणमिणतो. इथे इमारतीचं अर्थिंग धड आहे, फक्त ते मीटर रूममधून पार्किंगपर्यंत पोचलेलं नाही. 22 मीटरचं अंतर. दादा वहीच्या पानावर अंदाज लिहून देतात. वेगळा एमसीबी, गळती झाली की लाइन तोडणारा 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी, पूर्ण नवीन तीन वायरी. शेवटी ओळ: तपासणी 500. काकू लगेच देतात.

सकाळी 10:20, तपकीर गल्ली

बुधवार पेठेतली ही गल्ली माहीत नाही असा पुण्यातला वायरमन नाही. हातगाड्या, स्कूटरी, वायरींची भेंडोळी, वर केबलींचं जाळं. दादांचं दुकान ठरलेलं. आजची खरेदी दुपारच्या धनकवडीच्या कामासाठी.

चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 27 मीटर, मीटरला 80 रुपये. 2,160. पितळी जबड्याचं 16 अँपिअरचं सॉकेट 280. बॉक्स 90. 20 अँपिअरचा एमसीबी 250. ईएलसीबी 1,700. पाइप, सॅडल, स्क्रू मिळून 210. बेरीज 4,690. दादा 4,500 म्हणतात. दुकानदार हसून कॅल्क्युलेटर पुढे सरकवतो. वायरीचा भाव आजचा आहे, उद्याचा सांगता येत नाही. तांब्याचा भाव चढला की इथल्या पाट्या सकाळ-संध्याकाळ बदलतात. 4,690 रोख.

सॉकेट घेताना दादा त्यात स्वतःची जुनी पिन खुपसून ओढून बघतात. घट्ट बसली तरच घ्यायचं. चार सॉकेटं परत केली.

कोपऱ्यावर चहा. पोरगा वडापाव घेतो. मी पैसे काढतो तर दादा हात धरतात.

सकाळी 11:20, रस्त्यातच

स्कूटर कडेला घेऊन दोन फोन.

पहिला वाकडवरून. गाडी पिन लावूनही रात्री अकरापर्यंत चार्ज होत नाही. दादा विचारतात, दिवा लाल आहे का? नाही. गाडीच्या स्क्रीनवर घड्याळाचं चित्र आहे का? आहे. "कुणीतरी वेळ लावून ठेवलीय. अकरानंतर चार्ज हो, असं तुमच्याच गाडीत सांगितलेलं आहे. ते काढा." पाच मिनिटांनी मेसेज येतो, झालं. याचे पैसे नाहीत.

दुसरा फोन. गाडी पूर्ण मेली, दारही रिमोटने उघडत नाही. दादा म्हणतात, ही मोठी बॅटरी नाही, 12 व्होल्टची छोटी बघा. जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत ती असते. तीच उतरली तर मोठ्या बॅटरीकडे जाणारे आतले स्विच बंदच राहतात. मोठी भरलेली असली तरी काही सुरू होत नाही, चार्जिंगसुद्धा. "मेकॅनिकला बोलवा. बॉनेटखाली नारिंगी केबल दिसेल, तिला हात लावू देऊ नका कुणाला." नारिंगी म्हणजे शेकडो व्होल्टची लाइन. दादांची हद्द तिथे संपते. चार्जरच्या टोकापर्यंत ते, पुढे कंपनीचा माणूस.

दुपारी 12:10, बावधन

बंगला. भिंतीवर 7.2 किलोवॅटचा चार्जर, बागेच्या बाजूला. साहेब घरून काम करतात, कानात इअरफोन. चार दिवसांपासून गाडी म्हणते, जोडणी सदोष. शोरूमचा माणूस येऊन गेला, नवीन चार्जर घ्या म्हणाला.

दादा पेटीच्या तळातून एक पांढरा प्लास्टिकचा डबा काढतात. ही त्यांची खोटी गाडी. टाइप 2 चं गाडीकडचं तोंड, आत एक डायोड, दोन रेझिस्टर आणि एक स्विच. तोंडाला अडीच हजार पडले, आतला ऐवज तपकीर गल्लीत 40 रुपयांत आला. चार्जर आणि गाडी यांच्यात एक बारीक वायर बोलत असते, पायलट. चार्जर तिच्यावर 12 व्होल्ट धरून ठेवतो. गाडी जोडली की गाडीतला रेझिस्टर ते 9 वर खाली ओढतो, म्हणजे "मी आले". गाडी तयार झाली की दुसरा रेझिस्टर 6 वर आणतो, म्हणजे "सोड करंट". चार्जरच्या बाजूने पायलटवर सेकंदाला हजार ठोके पडत असतात. ठोक्याच्या रुंदीवरून गाडीला कळतं, किती अँपिअर ओढायची परवानगी आहे. खोटी गाडी हेच आकडे दाखवते. ती लावून चार्जर सुरू झाला तर दोष खऱ्या गाडीत. नाही झाला तर चार्जरमध्ये, नाहीतर गनमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये.

सुरू होत नाही. दादा गन उलटी करून तिच्या तोंडात टॉर्च मारतात. मोठी पाच भोकं स्वच्छ. वरच्या दोन बारीक भोकांपैकी एक मातीने बुजलेलं. कुंभारमाशी. गन टोपी न लावता बागेकडे तोंड करून टांगलेली, माशीला बरी जागा सापडली. मेन बंद करून दादा लाकडी टूथपिकने माती कोरतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, ब्रश, पुन्हा फवारा. पाच मिनिटं वाळू देतात. खोटी गाडी, हिरवा दिवा. खरी गाडी, हिरवा दिवा. क्लॅम्प मीटरवर 30.8 अँपिअर.

"किती झाले?"

"500."

"दहा मिनिटांचे पाचशे? काही बदललं पण नाही तुम्ही."

दादा खोटी गाडी डब्यात ठेवतात, झाकण लावतात. "नवीन चार्जर पंचेचाळीस हजारांचा आला असता, साहेब. टोपी लावत जा."

साहेब फोनवरून पैसे पाठवतात. मला वाटलं, हेच 500 रुपये एखादी नवी वस्तू बसवून मागितले असते तर कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. सापडलेल्या दोषाची पावती दाखवता येत नाही. वस्तूची येते.

दुपारी 1:45, कोथरूड

डबा खड्ड्याच्या काठावर. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ताईने आपल्यातली अर्धी भाकरी पोराला दिली.

पाच फुटांवर दगड लागलाय. टिकाव आपटला की खण्ण आवाज येऊन परत उसळतो. नवऱ्याच्या तळहातावर ताजा फोड. दादा ब्रेकर मागवतात, भाडं 1,200. कोटेशनमध्ये त्यांनी लिहून ठेवलंय की दगड लागल्यास ब्रेकर वेगळा, म्हणून आज वाद नाही. सोसायटीचे अध्यक्ष वरून बाल्कनीतून बघतात आणि मान हलवतात.

ब्रेकर सुरू झाल्यावर बोलणं बंद. ताई डोक्याला ओला फडका गुंडाळून घमेली वर देते. एकेक घमेलं मुरूम, एकेक घमेलं काळी कपची.

दुपारी 3:10, धनकवडी

दोन खोल्या, भाड्याच्या. बाहेर गल्लीत पांढरी इलेक्ट्रिक टॅक्सी. ड्रायव्हर तिशीतला. गाडीचा हप्ता महिन्याला 17,400. रात्री नऊला पिन लावतो, पहाटे चारला विमानतळाच्या भाड्यासाठी उठतो, तर बॅटरी चाळीस टक्क्यांवर अडकलेली. धनकवडीहून लोहगाव, तिथून पुढचं भाडं, परत चार्जिंगला रांग. सकाळच्या दोन फेऱ्या गेल्या की दिवस गेला, म्हणतो. बायको दारात उभी, कडेवर बाळ.

सॉकेटचा पांढरा चेहरा एका बाजूने पिवळा पडलाय. पिनेजवळ तपकिरी डाग, जळक्या प्लास्टिकचा वास. दादा हाताची मागची बाजू जवळ नेतात, लावत नाहीत. मेन बंद. सॉकेट उघडतं. फेजच्या पेचाखाली वायरीची टोकं काळी, इन्सुलेशन आक्रसून मागे गेलेलं.

"गिझर किती वेळ लावता?" दादा विचारतात.

"पंधरा मिनिटं."

"आणि गाडी?"

"सात तास."

यातच सगळं आलं. पंधरा मिनिटं गरम होऊन थंड होणारा जोड वीस वर्षं टिकतो. सात तास सलग 14 अँपिअर गेले की टिकत नाही. दादा पोराला हिशोब करायला लावतात. जोडात 0.3 ओहमचा अडथळा धर. 14 गुणिले 14 गुणिले 0.3. पोरगा मोबाइलवर करतो. सुमारे 59 वॅट. साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. इथे दोन आयर्नींहून जास्त उष्णता एका पेचाखाली, रात्रभर. काही चार्जरच्या पिनेतच तापमापक असतो. पिन तापली की तो करंट कमी करतो, मग थांबवतो. या चार्जरने तेच केलं. तो थांबला म्हणून खोली शाबूत आहे.

घरमालक येतो. भिंतीला नवी भोकं पडणार म्हणून कुरकुरतो. गाडीच्या विजेचे तो युनिटला 12 रुपये लावतो. दादा त्याला जळकं सॉकेट हातात देतात. तो ते उलटंपालटं करून बघतो आणि म्हणतो, करा.

मग दीड तास नुसतं काम. ड्रिल, फिशर, सॅडल, पाइप. मीटरच्या बोर्डापासून नऊ मीटर, तीन वायरी, मध्ये कुठेही जोड नाही. वायरीच्या टोकांना लग दाबून बसवायचे, मग पेच. पोराने पेच आवळला की दादा पुन्हा आवळतात. मग वायर धरून जोरात ओढतात. ती हलली नाही तरच झाकण. सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर, वर पत्र्याची लहानशी पडवी, पावसाची आडवी झड येते म्हणून.

पिन लागते. दिवा हिरवा. 14.1 अँपिअर. दादा खुर्ची मागून घेतात आणि अर्धा तास बसतात. चहा होतो. अर्ध्या तासाने सॉकेटवर तळहात ठेवतात. कोमट. बिलावरचा मंजूर भार बघतात, 3 किलोवॅट. "गाडी लावली असताना इस्त्री लावू नका. आणि भार वाढवायचा अर्ज घरमालकाला करायला सांगा."

माल 4,690, मजुरी 1,300. ड्रायव्हर 4,000 पाठवतो. उरलेले 1,990 पगार, म्हणजे कंपनीचे पैसे, जमा झाले की. दादा वहीत लिहितात.

संध्याकाळी 5:40, कोथरूड

आठ फूट झाले. नवरा खड्ड्यात पूर्ण बुडालाय, फक्त डोक्याचं फडकं दिसतं. त्याला हात देऊन वर घेतात.

जीआय पाइप उभा करायचा, आठ फुटी, दीड इंची. पोरगा धरतो, दादा ओळंब्यात बघतात. भोवती बेंटोनाइटची पावडर, दोन पोती, पाणी टाकून लापशी करत करत. पूर्वी कोळसा आणि मीठ भरायचे. दादांनीही भरलंय. मीठ पाणी धरतं, पण पाइप खातं. बेंटोनाइट चिकणमाती आहे, ओलावा धरून ठेवते आणि पाइपला खात नाही. ताई पावलांनी कडेची माती दाबते. वर विटांचं चेंबर, बिडाचं झाकण. दादा झाकणावर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरात "अर्थिंग" लिहितात आणि बाण काढतात, पुन्हा कुणी ब्लॉक घालून बुजवू नये म्हणून. जाड जीआय पट्टी पाइपला नट-बोल्टने, तिथून जुन्या पट्टीला, तिथून मीटर रूममध्ये.

आता मोजणी. एक खुंटी वीस मीटरवर, बागेच्या वाफ्यात. दुसरी साधारण बारा मीटरवर, दोन ब्लॉकांच्या फटीत. दादा बटण दाबतात. 7.2. तीन बादल्या पाणी ओततात, थांबतात. 5.8. जुना खड्डा जोडून, 5.2.

"पाच हवे होते ना?" खजिनदार विचारतात. ते चपला घालून खाली आलेत.

"माती अजून बसलेली नाही. पहिला पाऊस पडला की पाचाच्या खाली येईल. दर उन्हाळ्यात बादलीभर पाणी टाकत जा."

पहिल्या मजल्यावरची गाडी लावली जाते. चार्जर तीन सेकंद विचार करतो, मग आतून टक्क आवाज येतो. हिरवा. दुसरी गाडी. टक्क. हिरवा. दोन्ही सॉकेटांवर बल्बही पेटवून बघितला जातो, न्यूट्रल-अर्थमध्ये 1.4 व्होल्ट दिसतात. दादांना तो 1.4 शून्यापेक्षा जास्त आवडतो.

संध्याकाळी 7:30, तिथेच

मजुरांचे 5,000 दादा रोख देतात, स्वतःच्या खिशातून. सोसायटीचा चेक आठ दिवसांनी. ब्रेकरवाल्याला 1,200. ताई नोटा दोनदा मोजून पदराच्या गाठीत बांधते. त्यांना उद्या कात्रजला ड्रेनेजचं काम आहे.

खजिनदार बिल वाचतात. खड्डा, पाइप, पट्टी, मजुरी, सगळं मिळून 16,000. ब्रेकर 1,200. तपासणी 500.

"हे तपासणीचे काय? ते मालात घाला की. ऑडिटरला सरळ जाईल."

"मालात नाही घालत."

"काय फरक पडतो? पैसे तेच."

"गेल्या आठवड्यात दोन वेळा आलो. पट्टी शोधली, खड्डा कुठे आहे ते शोधलं, 48 ओहम मोजले. ते काम वेगळं आहे. मालात घातलं तर पुढच्या वेळी तुम्ही म्हणाल, बघायला काय लागतं."

खजिनदार थोडा वेळ बिलाकडे बघतात आणि सही करतात.

रात्री 9:15, धायरी

स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही. आज आले: कर्वेनगर 500, बावधन 500, धनकवडी 4,000. एकूण 5,000. आज गेले: माल 4,690, मजूर 5,000, ब्रेकर 1,200, पोरगा 600, पेट्रोल 250, चहा-वडापाव 90. एकूण 11,830. खिशातून 6,830 जास्त गेले. सोसायटीचे 17,700 आणि ड्रायव्हरचे 1,990 आले की दिवस वर येईल. सोसायटीचा पाइप, पट्टी, पोती आणि चेंबर यांचे 6,000 गेल्या आठवड्यातच गेलेत, तेही त्यातून काढायचे.

वहिनी, दादांची बायको, बेरीज पुन्हा करून बघतात. बरोबर आहे. ड्रायव्हरच्या नावापुढे त्या तारीख घालतात, महिनाअखेर. कर्वेनगरच्या अंदाजावर काकूंचा होकार आलाय, परवा सकाळी 22 मीटर वायर ओढायची. काकांची तपासणी झाली, रिक्षाने गेले होते, असंही त्यांनी कळवलंय.